पुलावर वाचते, चौकात जळते

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात गेला की भर दुपारी नागपुरातल्या काही चौकांतले सिग्नल वाहतूक पोलीस बंद ठेवतात किंवा लाल दिव्याची वेळ कमी करतात. काही ठिकाणी थांबणाऱ्यांच्या डोक्यावर हिरवी जाळीही बांधली जाते. दुचाकीवर बसलेल्या माणसाला उन्हाचा तडाखा बसू नये हा त्यामागचा सरळ हेतू आहे आणि तो रास्तच आहे. पण या निर्णयातून आणखी एक गोष्ट सिद्ध होते, तिच्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. सिग्नलची वेळ ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. प्रशासनाने मनावर घेतले तर ती आठवड्याभरात बदलता येते; त्यासाठी निविदा, भूमिपूजन किंवा केंद्राचा निधी यांपैकी काहीच लागत नाही. उन्हासाठी जे दोन महिने करता येते ते इंधनासाठी बाराही महिने का करता येऊ नये, हा या लेखाचा प्रश्न आहे.

नागपूरच्या वाहतुकीविषयी बोलायचे म्हटले की चर्चा उड्डाणपुलांवर जाते, आणि त्यात आश्चर्य नाही. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटर लांबीचा दुमजली पूल, ज्याच्या वरच्या मजल्यावरून मेट्रो जाते, गिनीजच्या नोंदीत गेला. त्यानंतर कामठी रोडवर तसाच आणखी लांब पूल झाला. इंदोरा ते दिघोरी हा सुमारे नऊ किलोमीटरचा पूल शहराच्या जुन्या, दाट वस्तीवरून जाण्यासाठी हाती घेण्यात आला. या पुलांचा उपयोग नाही असे म्हणणे हटवादीपणा ठरेल. विमानतळाकडून येणारी मोटार छत्रपती चौकाच्या डोक्यावरून न थांबता जाते, तेव्हा तिचे इंधन खरोखरच वाचते. पण तीच मोटार अजनी चौकात खाली उतरते आणि तिथून राहाटे कॉलनी, लोकमत चौक, पंचशील चौक असे करत बर्डीपर्यंत, म्हणजे शहराच्या मध्यावरच्या सीताबर्डीपर्यंत, एकेका सिग्नलला थांबत जाते. पुलावर तीन किलोमीटर धावून जे वाचवले, त्यातले बरेचसे पुढच्या चौकांत उभ्या उभ्या जळून जाते. पुलाने कोंडी सोडवली असे आपण म्हणतो. बऱ्याचदा त्याने ती पुढच्या चौकात नेऊन ठेवलेली असते.

हे नुकसान नेमके कसे होते, ते जरा आकड्यांत पाहिले पाहिजे, कारण इंधनबचतीच्या सल्ल्यांत ते सहसा येत नाही. माणसांसह ११०० किलो वजनाची मोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिच्या गतीत सुमारे ६८ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबला की ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते आणि सिग्नल सुटल्यावर ती पुन्हा इंधनातून उभी करावी लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असली तरी शहरी रहदारीत त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. हा हिशोब केला तर एका थांब्याची किंमत दहा-अकरा मिलिलिटर पेट्रोल इतकी भरते. त्यात उभ्या गाडीचे इंजिन तासाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटभर थांबल्याचे आणखी दहा ते तेरा मिलिलिटर. एसी चालू असेल तर याहून जास्त, आणि नागपूरच्या मे महिन्यात एसी बंद ठेवून सिग्नलला थांबा असे सांगणाऱ्याने आधी स्वतः तसे थांबून दाखवावे. तेव्हा एक थांबा आणि एक मिनिट मिळून वीस मिलिलिटर धरायला हरकत नाही. दुचाकीचा खर्च याच्या चौथाईच्या आसपास राहील. बारा टन वजनाच्या बसला मात्र नुसते थांबून पुन्हा वेग घ्यायलाच साठ-सत्तर मिलिलिटर डिझेल लागते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो कामी येणार आहे.

वीस मिलिलिटर म्हणजे दोन रुपये. यासाठी कोण डोके लावणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून एक उदाहरण घेऊ; हे आकडे कोणत्याही सर्वेक्षणाचे नाहीत, केवळ पल्ला लक्षात यावा म्हणून गृहीत धरलेले आहेत. एखाद्या चौकात तासाला ६०० मोटारी लाल दिव्यावर थांबतात आणि वेळापत्रक नीट बसवल्यामुळे त्यांतल्या २०० मोटारींचा थांबा वाचतो असे समजा. तासाला चार लिटर, दिवसाचे दहा तास धरले तर चाळीस लिटर, आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२,००० लिटर पेट्रोल एका चौकात वाचते. असे शंभर चौक धरले तर बारा लाख लिटर, म्हणजे आजच्या भावाने बारा कोटी रुपयांच्या वर. यात दुचाकी, ऑटो, बसगाड्या, मालवाहू गाड्या धरलेल्याच नाहीत, आणि नागपूर हे तर प्रामुख्याने दुचाक्यांचे शहर आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याचा हिशोब वेगळा. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते, हे आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. त्यातला काही भाग आपण समुद्र ओलांडून आणतो आणि शंकरनगरच्या चौकात उभे राहून संपवतो. बारा कोटींचा आकडा एखाद्या पुलाच्या खर्चासमोर किरकोळ वाटेल. फरक इतकाच की पुलासाठी पैसा घालावा लागतो आणि हा पैसा दरवर्षी नागरिकांच्या खिशातून जाणारा आहे, तो जाऊ न देणे एवढेच करायचे आहे.

आता सिग्नलच्या वेळेकडे वळू. या लेखाचा खरा गाभा तोच आहे.

सिग्नलचे एक पूर्ण चक्र किती सेकंदांचे असावे याचे गणित नवे नाही. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील वेबस्टर यांनी १९५८ मध्ये ते मांडले आणि जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते आजही शिकवले जाते. त्याचे सार असे. एका बाजूचा हिरवा संपून दुसऱ्या बाजूची वाहने नीट सुटेपर्यंत प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद वाया जातात. चौकाच्या चारही बाजू वेगवेगळ्या सोडल्या, तर एका चक्रात सोळा सेकंद असेच जातात. म्हणून चक्र फार लहान ठेवले तर वाया जाणाऱ्या सेकंदांचेच प्रमाण वाढते. फार लांबवले तर समोरच्या बाजूने एकही गाडी येत नसताना आपण लाल दिवा बघत बसतो. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी योग्य वेळ असते आणि ती चौकाच्या क्षमतेच्या किती प्रमाणात वाहने येत आहेत, यावर ठरते. वेबस्टर यांच्या सूत्रानुसार, सोळा सेकंद वाया जाणाऱ्या चौकात सकाळी दहाच्या गर्दीत क्षमतेच्या ७० टक्के वाहने येत असतील तर योग्य चक्र सुमारे ९७ सेकंदांचे येते. त्याच चौकात दुपारी तीन वाजता ४० टक्केच वाहने येत असतील तर योग्य चक्र ४८ सेकंदांवर येते.

म्हणजे एकाच चौकाला दुपारी जी वेळ लागते, ती सकाळच्या वेळेच्या निम्मी आहे. सकाळच्या गर्दीला बेतलेले वेळापत्रक दिवसभर चालू ठेवले, तर दुपारच्या प्रत्येक वाहनाकडून आपण विनाकारण दंड वसूल करतो. उन्हाळ्यात पोलीस दुपारी सिग्नल बंद करतात आणि तरीही शहर ठप्प होत नाही, याचे कारण या गणितात आहे. सिग्नल बंद करणे हा अर्थातच टोकाचा उपाय झाला. रस्ता ओलांडणाऱ्या वृद्ध माणसाला किंवा शाळकरी मुलाला त्यात कोणी वाली राहत नाही. पण बंद चौक आणि दीड-दोन मिनिटांचा लाल दिवा यांच्या मध्ये बरीच जागा आहे. दिवसाचे किमान चार-पाच वेळांचे वेगवेगळे वेळापत्रक, रविवारचे वेगळे, रात्री अकरानंतर बहुतेक चौकांत लुकलुकणारा पिवळा दिवा, आणि दर सहा महिन्यांनी वाहने मोजून या सगळ्याची फेरतपासणी, एवढे साध्या, जुन्या पद्धतीच्या सिग्नलांवरही करता येते. पायी चालणाऱ्याचा वेळ मात्र त्यात कापता कामा नये. सेकंदाला १.२ मीटर या चालीने वीस मीटर रुंद रस्ता ओलांडायला सतरा सेकंद लागतात, आणि तेवढा हिरवा त्याला मिळालाच पाहिजे. इंधन वाचवायचे म्हणून पादचाऱ्याला पळायला लावणारी योजना मला तरी मान्य होणार नाही.

एक चौक सुधारला की पुढचा प्रश्न येतो तो दोन चौकांमधल्या मेळाचा. पाचशे मीटर अंतरावर असलेले दोन चौक ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने पंचेचाळीस सेकंदांत गाठले जातात. पहिल्या चौकात हिरवा लागल्यानंतर पंचेचाळीस सेकंदांनी दुसऱ्या चौकात हिरवा लागला, तर एका चौकातून सुटलेला वाहनांचा जथा पुढच्या चौकातून न थांबता निघून जातो. दोन्ही दिशांना हे साधणे अवघड असते, हे खरे. पण सकाळी बर्डीकडे आणि संध्याकाळी बर्डीकडून, अशी नागपूरची रहदारी बऱ्याच अंशी एकदिशा आहे. जिकडे गर्दी तिकडे मेळ, इतके ठरवले तरी पुरे. यासाठी त्या रस्त्यावरच्या सर्व चौकांचे चक्र सारख्या लांबीचे असावे लागते आणि सगळ्या सिग्नलांची घड्याळे एकमेकांशी जुळलेली असावी लागतात. ही अट फार कडक नाही. तरीही शहरात असे अनेक रस्ते आहेत जिथे एक सिग्नल सुटला की दुसरा नेमका लाल होतो आणि चालकांना ते इतके अंगवळणी पडले आहे, की हिरवा दिसला की पुढचा लाल गाठण्यासाठीच ते गाडी दामटतात. जोरात वेग घ्यायचा आणि पुढे कचकन ब्रेक दाबायचा, याइतकी पेट्रोल उधळणारी दुसरी सवय नाही, आणि ती सवय चालकाला रस्त्याने लावलेली आहे.

याच्याही पुढची पायरी म्हणजे येणारी वाहने कॅमेऱ्याने किंवा सेन्सरने मोजून त्या त्या क्षणी वेळ ठरवणारे सिग्नल. सिडनीत अशी प्रणाली १९७० च्या दशकापासून आहे. भारतीय रस्त्यांवर लेनची शिस्त नसते, दुचाक्या फटीतून पुढे येतात, हातगाडीही असते आणि गायही असते. हे ध्यानात घेऊन सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेने मिश्र रहदारीसाठी वेगळी प्रणाली तयार केली आहे. नागपूर महापालिकेनेही एकात्मिक वाहतूक व्यवस्थापनाची यंत्रणा उभारण्याचे काम हाती घेतले आहे. ही चांगली गोष्ट आहे. माझी शंका यंत्राविषयी नाही, यंत्र लावल्यावर त्याकडे कोण बघणार याविषयी आहे. आपल्याकडे कॅमेरा बसला की पहिला उपयोग ई-चलानसाठी होतो, कारण त्यात वसुली दिसते. थांबे किती कमी झाले आणि सरासरी किती सेकंद वाचले, हे आकडे त्याच कॅमेऱ्यातून निघू शकतात; पण ते मागणारा अधिकारी नसेल तर ते निघणार नाहीत. दंडाची रक्कम जितक्या नियमाने वर्तमानपत्रांत येते, तितक्या नियमाने चौकाचौकांतला सरासरी खोळंबाही प्रसिद्ध झाला पाहिजे.

गर्दीच्या वेळी बऱ्याच चौकांत सिग्नल बाजूला ठेवून पोलीस शिपाई हाताने वाहतूक सोडतो. त्या माणसाला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. धूर, ऊन आणि हॉर्न यांच्यामध्ये तो तासन्तास उभा असतो, समोरची रांग संपेपर्यंत तिला सोडावे असे त्याला वाटते आणि माणूस म्हणून ते बरोबरच वाटते. पण एका बाजूची रांग संपेपर्यंत दुसऱ्या तीन बाजूंच्या रांगा मागच्या चौकापर्यंत जातात आणि तो चौकही अडतो. त्याच्यासमोर एकच चौक असतो. रस्ता मात्र सहा चौकांचा असतो. हे दुरून, नियंत्रण कक्षात बसून पाहणाऱ्यालाच कळू शकते, आणि शिपायाला तिथून बिनतारी यंत्रावर ‘आता बाजू बदला’ एवढे सांगता येते. त्यासाठी नियंत्रण कक्षात वाहतूक अभियंता बसलेला हवा.

दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये ‘रेड लाइट ऑन, गाडी ऑफ’ ही मोहीम निघाली आणि तिचे अनुकरण सुचवणारे आपल्याकडेही आहेत. दहा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे, पुन्हा सुरू करायला त्याहून कमी इंधन लागते, हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे आणि पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनाही असाच सल्ला देत आली आहे. मी तो पाळावा असेच म्हणेन. तरी या मोहिमेचा एक दोष लक्षात घ्यावा. तिच्यात मिनिट-दीड मिनिटाचा लाल दिवा गृहीत धरला जातो आणि त्याचा भार चालकाच्या सद्वर्तनावर टाकला जातो. शिवाय इंजिन बंद केल्याने उभ्या गाडीचे इंधन वाचते, पुन्हा वेग घेण्याचे नाही. वर पाहिल्याप्रमाणे थांब्याच्या खर्चाचा निम्मा भाग तो आहे. आणि चालकाने इंजिन बंद करावे असे वाटत असेल तर उलटे सेकंद मोजणारे आकडे सिग्नलवर चालू तरी पाहिजेत. ते बंद पडलेले असले, किंवा ४० वरून एकदम ५ वर उडी मारत असले, तर शहाणा चालकही पाय क्लचवरून काढत नाही.

चौकाची क्षमता सिग्नलइतकीच चौकाच्या कडेला ठरते. संध्याकाळी सहाला बर्डीवर उभे राहून पाहावे. हिरवा लागतो, पण डावीकडे वळू पाहणारी मोटार हलत नाही, कारण सरळ जाणाऱ्या दुचाक्यांनी डावी बाजू भरून टाकली आहे आणि पहिली रांग झेब्रा क्रॉसिंगच्या पलीकडे, जवळजवळ चौकातच उभी आहे. चौक ओलांडला की लगेच एक ऑटो सवारीसाठी थांबतो, त्याच्यामागे दुसरा, आणि त्यांच्यामागे अडकलेल्या ‘आपली बस’चा, म्हणजे शहर बसचा, मागचा अर्धा भाग चौकातच राहतो. आडव्या दिशेला हिरवा लागतो, पण वाट बसने अडवलेली. पंधरा-वीस सेकंदांचा हिरवा दिवा असा वाया जातो आणि रांगेतल्या शंभर-दीडशे वाहनांचे एक चक्र वाढते. यासाठी पूल लागत नाही. चौकाच्या आधी आणि नंतर पन्नास-साठ मीटरपर्यंत थांबायला आणि वाहने लावायला सक्त मनाई, ऑटोंसाठी त्याच्या पुढे आखलेली जागा, बसथांबा चौकापासून दूर, डावीकडच्या वळणासाठी खुंट्या लावून वेगळी केलेली वाट आणि वर्षातून दोनदा रंगवलेल्या पट्ट्या, एवढ्याने भागते. धरमपेठ, इतवारी, महाल या भागांतल्या पार्किंगचा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर स्वतंत्रच लिहावे लागेल. इथे फक्त चौकाचा गळा मोकळा ठेवण्यापुरते बोलतो आहे.

गतिरोधकांचेही एक गणित आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ४० च्या वेगावरून १० वर येताना गाडीची जवळजवळ ९४ टक्के गतिज ऊर्जा जाते. म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांनी आग्रह धरून बांधून घेतलेला, डोंगराएवढा, रंग न लावलेला गतिरोधक इंधनाच्या दृष्टीने सिग्नलइतकाच महाग असतो, आणि त्याला हिरवा दिवा कधीच लागत नाही. शाळा आणि रुग्णालयांजवळ ते हवेतच, पण प्रमाणित उताराचे. बाकीचे कोणी लावले आणि कोणाच्या परवानगीने, याची यादी महापालिकेने एकदा करून पाहावी.

बांधकामाचा मुद्दा थोडक्यात. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला, सुमारे ४४ किलोमीटरच्या, केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. हा टप्पा कन्हान, हिंगणा, बुटीबोरीच्या दिशांना जाणार आहे. शिवाय पुलांची, सिमेंट रस्त्यांची, जलवाहिन्यांची कामे सुरूच असतात. लोखंडी पत्रे लागले की रस्त्याची क्षमता निम्म्यावर येते, पण त्या रस्त्यावरच्या सिग्नलची वेळ मात्र पत्रे लागण्यापूर्वीचीच राहते. कंत्राटात जशी सुरक्षेची कलमे असतात, तसे वळणमार्गाचे आणि सिग्नलच्या फेरबदलाचे कलमही असावे, आणि त्याची पाहणी झाल्याशिवाय काम सुरू करायची परवानगी मिळू नये.

आता आक्षेपांकडे. ‘लोकांना शिस्तच नाही’ हा पहिला आणि सर्वांत आवडता आक्षेप. राँग साइडने येणारे आहेत, सिग्नल तोडणारेही आहेत आणि त्यांना दंड व्हायलाच हवा. पण हीच माणसे मेट्रोच्या सीताबर्डी स्थानकात गाडी बदलताना रांगेत उभी राहतात. रिकाम्या चौकात शंभर सेकंद लाल दिवा दाखवणारी व्यवस्था नियम मोडण्याचे प्रशिक्षणच देत असते. वेळ योग्य असली की पाळणारे वाढतात, असे मला वाटते; निदान तशी वेळ देऊन पाहिल्याशिवाय दोष फक्त लोकांच्या माथी मारू नये.

विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या की हा प्रश्नच मिटेल, असेही काही जण म्हणतात. नागपुरात ई-रिक्षा मोठ्या संख्येने आहेत आणि ब्रेक लावताना काही ऊर्जा परत बॅटरीत जाते, त्यामुळे त्यांचे नुकसान कमी होते, हे मान्य. पण रस्त्यावरच्या सगळ्या पेट्रोल-डिझेल गाड्या बदलायला बरीच वर्षे जातील, आणि कोंडीत अडकलेला माणूस विजेच्या गाडीतही तितकाच वेळ अडकतो.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. रस्ता मोकळा झाला की त्यावर अधिक गाड्या येतात, हा जगभरचा अनुभव आहे. प्रवास सोपा झाला की जो कालपर्यंत मेट्रोने जात होता तो आज मोटार काढतो, आणि दोन-तीन वर्षांत वाचवलेले सगळे इंधन परत जळू लागते. नुसते सिग्नल सुधारून थांबलो तर आपलेही असेच होईल. म्हणूनच वाचलेली क्षमता आधी बसला दिली पाहिजे. वर सांगितले की एका थांब्यासाठी बसला साठ-सत्तर मिलिलिटर डिझेल लागते. बसमध्ये चाळीस माणसे असतील तर माणशी दोन मिलिलिटरसुद्धा होत नाही. एकट्या माणसाच्या मोटारीला तेवढ्याच कामासाठी दहा-अकरा मिलिलिटर लागते. बसचा थांबा वाचवणे हे दोन्ही बाजूंनी फायद्याचे आहे: एकेका थांब्यामागे इंधन सर्वांत जास्त वाचते आणि बस वेळेवर आली तर तिच्यात बसणारेही वाढतात. बस चौकाजवळ येताच हिरवा पाच-दहा सेकंद लांबवणे ही आज अवघड तांत्रिक गोष्ट राहिलेली नाही, कारण बस कुठे आहे हे जीपीएसवरून कळू शकते. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर या मेट्रोच्या दोन मार्गांना जोडून देणाऱ्या फेऱ्या वाढवल्या, आणि त्या फेऱ्यांना चौकात प्राधान्य दिले, तर रस्त्यावरची जागा मोटारींनी पुन्हा भरून जाणार नाही, किंवा निदान इतक्या लवकर भरणार नाही. मोटारवाल्यांना हे रुचणार नाही. मी स्वतः मोटार चालवतो, आणि तरीही हे पटते.

आता हे सगळे करायचे कोणी? इथे नागपूरचे घोडे अडते. सिग्नलचा खांब महापालिकेचा, तो चालवणार वाहतूक पोलीस, खालचा रस्ता कुठे महापालिकेचा, कुठे नागपूर सुधार प्रन्यास या नगरविकास संस्थेने बांधलेला, कुठे सार्वजनिक बांधकाम खात्याचा, कुठे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, वर महामेट्रो, आणि ऑटोचा परवाना आरटीओचा. चौक नीट चालला नाही तर यांतल्या कोणाचीही बढती अडत नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात मोठ्या शहरांसाठी एकच एकात्मिक वाहतूक प्राधिकरण असावे असे सुचवलेले आहे. त्याची पूर्ण घडी बसेपर्यंत निदान सिग्नलच्या वेळांपुरता एक जबाबदार अधिकारी नेमता येईल, ज्याच्याकडे चार-पाच वाहतूक अभियंत्यांचा कक्ष असेल आणि ज्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक सिग्नलच्या खांबावर लावलेला असेल. वाहने मोजायला आणि आराखडे तपासायला व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतले वाहतूक अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि विद्यार्थी शहरातच आहेत. धूर किती कमी झाला हे मोजायला नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था शहरातच आहे. १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते याच शहरात जमले होते आणि त्यांनी केलेला देशाच्या रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा आजही ‘नागपूर योजना’ म्हणून शिकवला जातो. त्या मानाने शंभर चौकांची वेळ बसवणे हे मामुली काम आहे.

सुरुवात वर्धा रोडच्या पंचशील ते अजनी या पट्ट्यापासून करावी. आधी दोन आठवडे वाहने आणि थांबे मोजावेत, मग दिवसाच्या चार वेळांचे वेळापत्रक बसवावे, एकाच चक्राने चौक एकमेकांशी जोडावेत, चौकांचे गळे रिकामे करावेत, बसला प्राधान्य द्यावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजून दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत. आकडे सुधारले नाहीत तर तेही छापावेत आणि वेळापत्रक बदलावे. मोजणीसाठी डिसेंबर मात्र टाळावा. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चे, कठडे आणि ताफे यांमुळे विधानभवनाच्या आसपासचे सगळे रस्ते वेगळ्याच नियमांनी चालतात, आणि त्या महिन्याचे आकडे धरले तर पुढचे अकरा महिने चुकीचे वेळापत्रक चालेल. जानेवारीत मोजणी, फेब्रुवारीत बदल आणि मे महिन्यात, पोलीस दुपारचे सिग्नल बंद करू लागतील तेव्हा, पहिली फेरतपासणी, हे वेळापत्रक नागपूरला झेपण्यासारखे आहे.